शुक्रवार पेठेतले स्वयंपाकघर

पुण्याच्या शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्याला लागून असलेल्या नातूबागेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी १९२० च्या सुमारास जमवायला घेतलेल्या वस्तू येथे मांडल्या आहेत. १९६० पर्यंत त्या १५,००० च्या घरात गेल्या होत्या. आज संग्रह २०,००० च्या वर असून त्यातल्या सुमारे २,५०० वस्तू पाहायला मिळतात. शस्त्रे, वाद्ये, दारे-खिडक्या, दिवे, मूर्ती, चित्रे असे बरेच काही इथे असले तरी या संग्रहालयाचे वेगळेपण त्याच्या स्वयंपाकघरात आहे. तलवारी आणि चिलखते महाराष्ट्रात अनेक ठिकाणी काचेआड दिसतात. विळी, खवणी, झारा, अडकित्ता यांना तलवारीइतकीच जागा आणि तितकाच मान देणारे संग्रहालय मात्र शोधावे लागते.

हे स्वयंपाकघर इथे महाळुंगेकराच्या नजरेने पाहू. मुळशी तालुक्यातल्या महाळुंग्याहून संग्रहालय रस्त्याने पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे. मुळेकाठचे महाळुंगे एके काळी शेतीवर जगणारे गाव. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी महाळुंगे-बालेवाडीच्या माळावर शिवछत्रपती क्रीडानगरी उभी राहिली, शेजारून मुंबई-बेंगळुरू महामार्ग गेला, हिंजवडीत नोकरी करणारी माणसे राहायला आली आणि ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत गेलेल्या २३ गावांत महाळुंग्याचेही नाव लागले. उंच इमारतींतली गुळगुळीत ओट्यांची स्वयंपाकघरे आणि गावठाणात मागल्या दारी उपडा टाकलेला पाटा या दोन्ही गोष्टी इथे एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर सापडतात. त्यामुळे जुन्या भांड्यांचे दालन पाहायला निघालेल्या महाळुंगेकराला त्यातल्या निम्म्या वस्तू घरच्याच वाटायला हव्यात. तशा त्या का वाटत नाहीत, हे पुढे येईल.

बालेवाडी, बाणेर, विद्यापीठ चौक, शिवाजीनगर आणि मग मुठेचा पूल ओलांडून पेठा, असा हा मार्ग. पेठांत चारचाकी लावायला जागा मिळेल या आशेवर कोणी राहू नये. बस किंवा रिक्षाच बरी. वाटेत बाजीराव रस्त्यावरच विश्रामबागवाडा लागतो आणि तो टाळून पुढे जाऊ नये, कारण संग्रहालयातल्या वस्तू ज्या घरांतून आल्या त्या घरांचा घाट तिथे पाहता येतो. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ साली हा वाडा बांधला. दर्शनी भागातले सागवानी कोरीवकाम आणि सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब अजून शाबूत आहेत. पेशवाई बुडाल्यावर १८२१ मध्ये इथे संस्कृत पाठशाळा भरू लागली. पुढे तिच्यातूनच डेक्कन कॉलेज घडले. १८७९ च्या आगीत वाड्याचा काही भाग जळाला, तो नंतर उभारला गेला.

अशा वाड्यात पहिला चौक बाहेरच्या माणसांचा, आतला घरच्यांचा, आणि स्वयंपाकघर अगदी मागे, आड किंवा हौदाच्या जवळ. पाण्यापासून दूर स्वयंपाक परवडत नसे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून बांधीव नळाने शहरात पाणी आणले गेले आणि पेठोपेठी हौद झाले, तेव्हा पेठांतल्या बायकांच्या डोक्यावरचे हंडे किती हलके झाले असतील याचा हिशेब कोणत्याही बखरीत नाही. माजघर, कोठीची खोली, देवघर आणि स्वयंपाकघर हा वाड्याचा मागला भाग सोवळ्याओवळ्याच्या नियमांनी बांधलेला होता. कोणती भांडी कुणी शिवायची, पाणी कुणी भरायचे, पंगतीत कोण कुठे बसायचे, हे सगळे जातीने ठरे. संग्रहालयात भांडी पाहताना ही गोष्ट सहज नजरेआड होते, कारण पितळेवर जातीची खूण उमटत नाही.

केळकर व्यवसायाने चष्म्याचे दुकानदार आणि वृत्तीने कवी. ‘अज्ञातवासी’ या नावाने त्यांनी कविता लिहिल्या. जुन्या कवितेत रमलेला हा माणूस हळूहळू जुन्या वस्तूंकडे वळला. मोडकळीला आलेले वाडे, खेडोपाडीची घरे, जुन्या बाजारातली दुकाने असे हिंडून त्यांनी वस्तू मिळवल्या, आणि पत्नी कमलाबाईंची त्यांना या कामात साथ होती. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. संग्रहालयाला त्याचे नाव दिले आहे. ‘राजा’ ही दिनकररावांची पदवी आहे असा समज करून घेणारे प्रेक्षक आजही भेटतात. १९६२ मध्ये संग्रहालय उभे राहिले आणि १९७५ मध्ये केळकरांनी संपूर्ण संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

हा काळ ध्यानात घेतल्याशिवाय संग्रहाचे मोल कळत नाही. विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांत पुण्यातले वाडे पडत होते. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांतल्या अनेक वाड्यांची माती केली. त्याच सुमारास स्टेनलेस स्टील घरोघर येऊ लागले. घासायला सोपे, कल्हई नको, आंबट घातले तरी बिघडत नाही, अशा भांड्यापुढे तांब्या-पितळेचा टिकाव लागणे कठीणच होते. जडशीळ घंगाळे, तपेली, परातींचे थर मोडीत निघाले. वजनावर विकली गेलेली भांडी वितळून गेली. ज्या वस्तू लोक मोडीत घालत होते नेमक्या त्याच केळकर विकत घेत होते. त्यांच्या घासाघिशीच्या गोष्टी पुण्यात चवीने सांगितल्या जातात, आणि प्रत्येक सांगणारा त्यात थोडी भर घालतो हेही खरे.

इमारत तीन मजली आहे. दालनामागून दालन आणि जिन्यामागून जिना असा फिरण्याचा क्रम आहे. वाड्यांचे कोरीव दरवाजे आणि चौकटी पाहायला मिळतात. कोथरूड येथे पहिल्या बाजीरावाने मस्तानीसाठी बांधलेल्या वाड्याचे अवशेष आणून केळकरांनी इथे ‘मस्तानी महाल’ पुन्हा रचला. सर्वांत जास्त गर्दी तिथेच असते. लामणदिवे, समया, निरांजने, दीपलक्ष्म्या यांचे भांडार मोठे आहे. दिव्यांवर तर केळकरांनी इंग्रजीत पुस्तकच लिहिले आणि ते भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने १९६१ मध्ये काढले. घाई असेल तर मस्तानी महाल धावता पाहून वेळ भांड्यांसाठी राखून ठेवावा.

भांड्यांत पहिली नजर विळीवर जाते. विळी हे पाते एका जागी धरून ठेवणारे हत्यार आहे: सुरीत हात चालतो आणि भाजी स्थिर राहते, विळीत भाजी चालते आणि पाते जागचे हलत नाही. पाटावर एक पाय किंवा गुडघा दाबून बसायचे, दोन्ही हात मोकळे ठेवायचे आणि भाजी पात्याकडे ढकलायची. पालेभाजीची जुडी, भोपळ्याची फोड, फणसाचा गरा, कोबी, यांतले काहीही त्या एकाच पात्यावर निघते. पात्याच्या टोकाला दातेरी खवणी असली की नारळाचेही काम होते. कोकणात आणि गोव्यात, जिथे नारळाशिवाय पान हलत नाही, तिथे खवणीला विळीपेक्षा जास्त मान. ही रोजची, चिखलमातीची वस्तू. तरी केळकरांच्या संग्रहात पशुपक्ष्यांच्या आकाराच्या विळ्या आहेत. घडवणाऱ्याने पात्याच्या बाकातच पक्ष्याची मान पाहिली आणि खालच्या पाटाला त्याचे अंग केले. काही विळ्यांचे पाते वर्षानुवर्षे धार लावून इतके झिजलेले असते की मूळ रुंदीचा अंदाजच बांधावा लागतो. कोरीवकामापेक्षा ही झीज पाहण्यासारखी असते. एका घरात किती पिढ्यांनी किती भाजी चिरली याचा तो एकमेव पुरावा आहे, आणि पाटीवर त्याबद्दल अक्षरही लिहिलेले नसते.

शेवया पाडण्याची साधने आणि सोऱ्या हा वेगळाच प्रकार. खाली भोकांची चकती, वर दट्ट्या, मध्ये घट्ट मळलेले पीठ. दाब द्यायचा आणि धागे पडायचे. चकती बदलली की त्याच सोऱ्यातून शेव, चकली, कुरडई काहीही निघते. उन्हाळ्यात वाळवणे घालायला चार घरच्या बायका जमत, तेव्हा दाब देणारी एक, धागे झेलून खाटेवर पसरणारी दुसरी, अशी कामाची वाटणी असे. सोऱ्याच्या दांडीला हाताने आलेली चकाकी सांगते की हे साधन माळ्यावर शोभेला ठेवलेले नव्हते.

मग येते तांबे आणि पितळ. हंडा, कळशी, घागर, तपेले, पातेले, घंगाळ, परात, तांब्या, गडू, फुलपात्र: नावे मोजायला बसले तर संपत नाहीत, आणि प्रत्येकाचा पोट-गळ्याचा घाट कामानुसार ठरलेला. कळशीचा गळा अरुंद, कारण कमरेवर घेऊन चालताना पाणी हिंदकळू नये. घंगाळ उथळ आणि रुंद, कारण त्यात आंघोळीचे पाणी विसणून घ्यायचे. पुण्यात ही भांडी घडवणारे तांबट पेशवाईत कोकणातून आले आणि कसबा पेठेत वसले; त्यांची तांबट आळी अजून आहे. पत्र्यावर हातोडीने एकसारखे ठोके देत जाणे याला मठारकाम म्हणतात. ठोक्यांनी पत्रा घट्ट आणि कडक होतो आणि अंगावर बारीक खळग्यांची चमकदार जाळी उठते. संग्रहालय पाहून झाल्यावर तांबट आळीत चक्कर मारावी. तोच आवाज आणि तोच ठोका तिथे चालू असतो, फक्त गिऱ्हाईक आता बंबाऐवजी पाण्याची बाटली मागते.

तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई लागते, आणि ती का लागते हे ताक कळकल्याशिवाय कळत नाही. ताक, चिंच, आमसूल असे आंबट उघड्या तांब्याला किंवा पितळेला लागले की धातूचे क्षार सुटतात, पदार्थाचा रंग आणि चव बिघडते आणि पोटही बिघडते. उपाय म्हणजे आतून कथलाचा पातळ थर. कल्हईवाला रस्त्याच्या कडेला खड्डा करून भट्टी पेटवी आणि भात्याने कोळसा फुलवी. घासून लख्ख केलेले भांडे तापले की नवसागराची पूड टाकायची. पांढरा धूर उसळतो आणि पृष्ठभाग स्वच्छ होतो. कथील २३२ अंश सेल्सिअसलाच वितळत असल्याने कांडी तापल्या भांड्याला नुसती टेकवली की पुरे. वितळलेला थेंब कापसाच्या बोळ्याने आतून गरगर फिरवायचा आणि भांडे थंड पाण्यात बुडवायचे. चर्र आवाज होऊन काळपट पितळेच्या जागी आरशासारखी चांदी दिसे. शाळेतून येणारी मुले हा कार्यक्रम फुकट पाहत उभी राहत. काचेआड ठेवलेल्या भांड्याच्या तळाशी कल्हई उडून तांबे उघडे पडलेले दिसते ते याच कारणाने: कल्हई झिजते, पुन्हा करावी लागते, आणि ती पुन्हा करणारा माणूस दारावर येईनासा झाला.

जेवणानंतरच्या विड्याला संग्रहालयाने जेवणाइतकीच जागा दिली आहे आणि ते योग्यच आहे. पानदाने, चुन्याच्या डब्या, पिकदाण्या, आणि त्यांच्या मानाने फार मोठ्या संख्येने अडकित्ते. अडकित्ता म्हणजे एका खिळ्यावर फिरणाऱ्या दोन दांड्या, एकीला लोखंडी पाते, दुसरीला सुपारी टेकवायला बूड. एवढ्या साध्या यंत्रावर घडवणाऱ्यांनी पोपट, मोर, घोडे, स्त्री-पुरुषांची जोडपी यांची सारी कल्पनाशक्ती खर्च केली; काही जोडपी अशी की शाळेची सहल तिथून जरा लवकर पुढे नेली जाते. विळी बाईच्या हातची, बंद स्वयंपाकघरातली. अडकित्ता बैठकीत, चारचौघांत निघणारा. त्यावर नक्षी जास्त का, हे सांगायला वेगळ्या पाटीची गरज नाही.

आता महाळुंगेकराच्या प्रश्नाकडे. संग्रहालयात जे आहे ते प्रामुख्याने धातूचे आणि नक्षीचे, अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या बऱ्या परिस्थितीच्या घरांतले. मुळशीच्या घरात धातू थोडा होता. तिथले स्वयंपाकघर माती, बांबू, लाकूड आणि दगड यांचे. चूल आणि तिला जोडलेला वैल मातीचा. भात शिजायचा मातीच्या मडक्यात, भाकरीचे पीठ मळायचे लाकडी काथवटीत, तांदूळ धुवायची रोवळी बांबूची, पाखडायचे सूप बांबूचे, भात साठवायची कणगी बांबूची आणि वरून शेणाने सारवलेली. दूध-लोणी मांजरापासून वाचवणारे शिंके दोरीचे. यातले काहीच टिकण्यासाठी केलेले नव्हते. मडके फुटले की उकिरड्यावर, सूप विरले की चुलीत. मोडीत घालावे असे त्याला मोल नव्हते, म्हणून ते जुन्या बाजारातही पोचले नाही आणि संग्राहकाच्या हातीही लागले नाही. गरिबाच्या घरातले संग्रहालयांत जवळजवळ कुठेच येत नाही, आणि दोष केळकरांचा नाही. त्यांनी विळीला आत घेतले हेच त्या काळात धाडसाचे होते. तरी दालनाच्या पाटीवर हे स्पष्ट लिहिले जावे की हे ‘महाराष्ट्राचे स्वयंपाकघर’ नसून त्यातल्या एका थराचे आहे.

मुळशी-मावळचे मुख्य पीक भात. शिजताना आंब्याच्या मोहरासारखा वास सुटणारा आंबेमोहर इथलाच. त्याची ताटे उंच वाढतात, लोळतात आणि उत्पन्न कमी देतात. म्हणून आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने इंद्रायणी हे वाण काढले आणि ते खाचराखाचरांत पसरले. हा तांदूळ मोजला जाई तो वजनाने नव्हे, मापाने: दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्यानंतर दशमान पद्धत आली आणि ही भांडी हळूहळू धान्याच्या डब्यात पडून राहिली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे १८७५ साली छापलेले ‘सूपशास्त्र’ शेरांच्या जमान्यातले. १९७० च्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’त वाटी आणि चमचा आले. मधल्या पंचाण्णव वर्षांत मराठी स्वयंपाकघरातली मापे कशी बदलली याचे चित्र या दोन पुस्तकांत मिळते. शेजारी मापट्यांची उतरंड मांडली तर ते फार सुंदर दालन होईल.

दगडाची वस्तू तेवढी मुळशीत टिकली. जाते अजून अनेक घरांच्या पडवीत आहे. खालची तळी जमिनीत घट्ट, वरच्या पाळीला लाकडी खुंटा, मधल्या तोंडात मुठीने वैरण घालायची. दगड गुळगुळीत झाला की पाथरवटाकडून टाकी लावून घ्यायची. गावोगावी पिठाची गिरणी आल्यावर पहाटेचे दळण थांबले. पण त्या दळणाबरोबरच्या ओव्या वाचल्या, आणि त्या वाचवण्याच्या कामाची एक सुरुवात मुळशीतल्याच खेड्यांतून झाली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह ओव्या उतरून घेतल्या. संग्रह एक लाखाच्या पुढे गेला. पुढे ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहाने त्या लोकांपुढे आणल्या, गाणाऱ्या बाईच्या नावागावासह आणि बऱ्याच ओव्या तिच्या आवाजासह. भांड्याच्या पाटीवर वापरणारीचे नाव कधीच नसते. इथे ते आहे. मुळशीच्या स्वयंपाकघराचे खरे संग्रहालय कुठे आहे असे विचारले, तर उत्तर एखाद्या इमारतीपेक्षा या ध्वनिफितींकडे जाते.

भांड्यांना वाहिलेली संग्रहालये इतरत्रही आहेत. अहमदाबादला ‘विशाला’ उपाहारगृहाच्या आवारात सुरेंद्र पटेल यांनी १९८१ मध्ये उभारलेले ‘वेचार’ हे भांड्यांचेच संग्रहालय. तिथे पाहणे आणि जेवणे एकाच अंगणात होते. गोव्यात बाणावलीला व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांचे ‘गोवा चित्र’ शेती आणि घरकामाच्या अवजारांचे आहे आणि त्यात कुणब्या-शेतकऱ्यांच्या वस्तूंना पुढची जागा मिळते. स्वित्झर्लंडमधल्या वेवेचे ‘आलिमेंतारियुम’ (१९८५) नेस्ले कंपनीने काढले. ते अन्नाचा विचार रसायनशास्त्रापासून पोटापर्यंत करते. केळकर संग्रहालयात खाणे नाही, शिजवून दाखवणे नाही, वासही नाही. चवीची सोय पेठांनी बाहेर करून ठेवली आहे. मस्तानी महाल पाहून बाहेर पडलेली मंडळी आइस्क्रीम घातलेल्या घट्ट दुधाची ‘मस्तानी’ प्यायला सदाशिव पेठेकडे वळतात. इतिहासातली मस्तानी आणि पेल्यातली मस्तानी यांचा संबंध नावापुरताच, पण पुणेकर दोन्ही एकाच फेरीत उरकतो.

नातूबागेतली जागा अपुरी पडते, हे संग्रहाच्या आणि मांडणीच्या आकड्यांवरूनच दिसते: आठ वस्तूंतल्या सात पेट्यांत. विस्तारासाठी बावधनला मोठे संकुल करण्याची योजना आहे. तसे झाले तर महाळुंग्याहून जाणाऱ्याचा रस्ता बराच कमी होईल आणि विळ्यांच्या शेजारी कणगी, रोवळी, काथवट आणि चालते जाते ठेवायलाही जागा मिळेल. सध्या मात्र पेठेतच जावे लागते. सुटीचा दिवस टाळून सकाळी लवकर गेल्यास भांड्यांच्या दालनात निवांतपणा मिळतो. घरात ऐंशीच्या पुढची आजी असेल आणि तिला जिने चढवत असतील तर तिला बरोबर न्यावे; पाट्यांवर जे लिहिलेले नाही ते ती सांगते.